एका मात्रेची गोष्ट

दिवाळीच्या आधीचे आठ दिवस आमच्या घरात राज्य असते ते सासूबाईंचे. वय एक्क्याऐंशी, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. पण दसरा उलटला की त्यांच्या अंगात कुठून बळ येते कोण जाणे! माळ्यावरची भांडी खाली उतरतात, पंख्यांची पाती पुसली जातात, माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे संशयाने पाहिले जाते, आणि शेवटी स्वारी गॅलरीत येऊन थांबते. तिथे कोपऱ्यात त्यांचा पाटा-वरवंटा आहे. मिक्सर आल्यापासून त्या पाट्यावर चमचाभर चटणीसुद्धा वाटली गेलेली नाही. पण तो सासूबाईंबरोबर गिरगावच्या चाळीतून इथे आला आहे, आणि त्याला घराबाहेर काढण्याची कोणाची छाती नाही. पावसाळ्याचे चार महिने त्याच्यावर पागोळ्या पडतात. श्रावणात तो हिरवा होतो, आश्विनात काळा. मग दिवाळीला सासूबाई काथ्या घेऊन बसतात आणि पाट्याला पुन्हा पाट्याच्या रंगावर आणतात.

गेल्या दिवाळीत त्यांनी काथ्या माझ्या हातात दिला.

"आता माझ्याने वाकवत नाही. तूच घास. आणि जरा जोर लावून घास हं!"

मी पाट टाकून बसले, पाट्यावर तांब्याभर पाणी ओतले, काथ्या उचलला, आणि हात काही पुढे जाईना.

"अगं, बघत काय बसलीस? दगड आहे तो, लोणी नव्हे!"

सासूबाईंचे म्हणणे अगदी खरे होते. पण दगड एकदा माझ्या हाताखाली लोण्यासारखा निघून आलेला आहे. ती गोष्ट मी वीस वर्षांहून अधिक काळ कोणाला सांगितली नव्हती. घरातही नाही, कॉलेजातही नाही. त्या दिवशी काथ्या हातात धरून बसले असताना ती पुन्हा वर आली, आणि आता सांगून टाकल्याशिवाय ती मला स्वस्थ बसू देणार नाही.

आम्ही दिंडोशीला राहतो. दिंडोशी म्हटले की लोकांना आता बसचा डेपो, न्यायालय आणि शेजारची चित्रनगरी आठवते. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मात्र डोंगर दिसतो. तो डोंगर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची एक कड. पलीकडे त्याच रानात कान्हेरीची लेणी आहेत. खाली दक्षिणेला जोगेश्वरीची लेणी, अंधेरीला महाकालीची. उत्तरेला बोरिवलीत मागाठाण्याची आणि मंडपेश्वराची. आम्ही जागा घेतली तेव्हा दलालाने स्टेशन किती मिनिटांवर आहे ते चारचारदा सांगितले. दीड-दोन हजार वर्षांच्या शेजाऱ्यांबद्दल मात्र एक अक्षर काढले नाही. लेणी आपल्या शेजारी नाहीत; आपणच लेण्यांच्या शेजारी येऊन राहिलो आहोत, हे उपनगरात कोणाच्या लक्षात राहत नाही.

माझी आणि कान्हेरीची ओळख झाली ती २००२ साली. मी एम.ए.ला होते. भाषेचा इतिहास शिकवणारे आमचे सर मोठे रसिक. "मराठीचे पणजोबा डोंगरात बसले आहेत, त्यांना एकदा नमस्कार करून येऊ," असे म्हणून ते दरवर्षी वर्गाला कान्हेरीला नेत. पावसाळा नुकताच संपला होता. बोरिवलीच्या फाटकातून आत पाच-सहा किलोमीटर रान. वाटेत कारवीची झुडपे, झऱ्यांचे आवाज. आणि मग एकाएकी तो डोंगर आणि त्याच्या अंगावर, एखाद्या प्रचंड मधाच्या पोळ्यासारखी, शंभराहून अधिक लेणी.

सर चैत्यगृहाच्या भव्य खांबांपाशी फार वेळ थांबले नाहीत. त्यांना घाई होती ती अक्षरांची. कान्हेरीच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतले प्राकृत लेख आहेत, नंतरच्या काळातले संस्कृत लेख आहेत, आणि एका लेण्यात तर इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये येऊन गेलेल्या पारशी पाहुण्यांनी पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली आहेत. पण सरांचे खरे प्रेम प्राकृतावर. राजे-महाराजे या लेखांत थोडे. अधिक आहेत ती कल्याणची, सोपाऱ्याची, नाशिकची, चौलची साधी माणसे. कोणी व्यापारी, कोणी सोनार, कोणी भिक्षुणी. आपण काय दिले ते त्यांनी लिहून ठेवले आहे. कोणी राहायला खोली दिली, कोणी बसायला बाक दिला, कोणी पाण्याचे टाके खोदून दिले. टाक्याला त्यांचा शब्द 'पोढी'. पिण्याच्या पाण्याची ती 'पानीयपोढी'. पानीयाचे पाणी झाले आणि कृष्णगिरीचा कण्हगिरी होऊन शेवटी कान्हेरी झाली. "दोन हजार वर्षांत नुसते उच्चार घासले गेले," सर म्हणाले, "तहान तीच आहे."

दुपारी सगळी मंडळी भेळ खायला बसली. मी एकटीच वरच्या अंगाच्या एका टाक्यापाशी गेले. टाक्याच्या वर, खोबणीत, एक लहानसा लेख होता. त्याच्यावर शेवाळाची हिरवी मखमल चढली होती आणि अक्षरे अर्धी तिच्याखाली. मी चार महिने वहीत ब्राह्मी गिरवली होती. दगडावरचा आख्खा शब्द स्वतः वाचायचा, हा एकच ध्यास होता. पलीकडे भेळेचे पातेले घासायला आणलेला काथ्या पडला होता. मी तो उचलला, बाटलीतले पाणी भिंतीवर ओतले आणि घासायला सुरुवात केली.

काय आनंद झाला म्हणून सांगू! हिरवे पाणी भिंतीवरून ओघळत होते आणि एकेक अक्षर आंघोळ करून बाहेर यावे तसे येत होते. पा, नि, य. मैत्रिणी भोवती जमल्या. कोणी टाळ्या वाजवल्या. मला आणखी जोर चढला. आणि पुढच्या अक्षरावर काथ्या फिरवला तेव्हा काहीतरी सुटल्याची जाणीव बोटांना झाली. माझ्या तळहातावर अंगठ्याच्या नखाएवढा एक पापुद्रा होता. वरून हिरवा. मी तो उलटला. आतल्या बाजूलाही, दगडाच्या पोटात, दोऱ्यासारखी बारीक हिरवी रेघ होती.

ते अक्षर होते 'पो'. ब्राह्मीत 'प'च्या माथ्यावर उजवीकडे आडवी रेघ काढली की 'पा' होतो, डावीकडे काढली की 'पे', आणि दोन्हीकडे काढल्या की 'पो'. आपला आजचा काना आणि आपली आजची मात्रा यांची ही मूळ घरे. डावीकडची रेघ माझ्या तळहातावर आली होती.

सर मागे येऊन केव्हा उभे राहिले ते कळले नाही. ते रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी माझा हात धरून तो पापुद्रा पाहिला, भिंतीकडे पाहिले, आणि हळूच म्हणाले, "काना राहिला. मात्रा गेली." मग त्यांनी तो पापुद्रा तिथल्याच कोनाड्यात आत सरकवून ठेवला आणि आम्ही खाली आलो. परतीच्या वाटेवर मुली गाणी म्हणत होत्या. मी ओंजळ मिटून बसले होते.

पुढे कधीतरी मी कायदा वाचला. प्राचीन स्मारकांचा कायदा १९५८ चा आहे. संरक्षित स्मारकाची नासधूस करणाऱ्याला, २०१० च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. भिंतीवर बदाम कोरून स्वतःचे नाव लिहिणाऱ्या पोरांना मी मनातल्या मनात गुन्हेगार म्हणत आले होते. त्यांनी निदान प्रेमाच्या नावाने कोरले. मी स्वच्छतेच्या नावाने खरवडले.

पण एक कोडे राहिलेच होते. दगडाच्या पोटात ती हिरवी रेघ कशी आली? शेवाळ म्हणजे वरचा मळ, असे मी धरून चालले होते. मळ आत कसा शिरतो?

या कोड्याचे उत्तर मला गेल्या दिवाळीत गॅलरीतच मिळाले. माझी लेक सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. मी पाट्यापुढे पुतळ्यासारखी बसलेली पाहून ती आली, आणि काथ्या बाजूला ठेवून तिने पाट्यावरचे चिमूटभर हिरवे एका डबीत भरून घेतले. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली घेतलेले फोटो तिने मला दाखवले. मी पाहतच राहिले. हिरव्यागार मण्यांच्या माळा, एकीत एक गुंतलेल्या, आणि सगळ्या मिळून एका पारदर्शक जेलीत बसवलेल्या. आमच्या गॅलरीत सासूबाईंच्या जपमाळेखेरीज एवढ्या माळा असतील, याची मला कल्पना नव्हती.

"आई, हा मळ नाही. ही वस्ती आहे," लेक म्हणाली.

या वस्तीतले आद्य रहिवासी म्हणजे सायनोबॅक्टेरिया, आपल्या पुस्तकांतले नील-हरित शैवाल. यांना ना माती लागते ना खत. ऊन, हवा आणि पाण्याचा ओलावा एवढ्यावर यांचा संसार चालतो. काही जाती तर लागणारे नत्रही हवेतूनच घेतात. पाऊस संपला की ते काळे पडून कोरडे होतात. आपल्याला वाटते मेले. ते मेलेले नसतात, पुढच्या पावसाची वाट पाहत असतात. डोंगराच्या कातळावर पाण्याच्या वाटेने जे काळे ओघळ दिसतात, ते बहुधा यांचेच. कान्हेरीला 'काळा डोंगर' म्हणणाऱ्यांनीही तोच रंग पाहिला असेल, असे मला उगाच वाटते. आणि यांना नुसते शत्रू म्हणून तरी कसे भागेल? दोनशे चाळीस कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला तो यांच्याच पूर्वजांमुळे. मी त्यांना खरवडत होते तेव्हा जो श्वास घेत होते, त्याचे मूळ तिथेच होते.

पहिली वस्ती बसली की मग चाळीत पोटभाडेकरू यावेत तसे बाकीचे येतात. शैवालावर जगणारे जिवाणू येतात, बुरशी येते. शैवाल आणि बुरशी यांचा एक जोडसंसार असतो. तो तर आपल्या प्रत्येक मराठी घरातल्या फडताळात आहे, कारण गोड्या मसाल्यातले दगडफूल म्हणजे दुसरे काही नसून हाच संसार. बुरशीने घर बांधायचे, शैवालाने उन्हात अन्न शिजवायचे. हे एक झाड नसून दोघांची भागी आहे, हे स्वित्झर्लंडच्या श्वेंडेनर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६७ साली सांगितले, तेव्हा थोरथोरांनी त्याची थट्टा केली होती. दगडफुलानंतर मॉस येते, मग नेचे, आणि शेवटी पिंपळ. भिंतीत पिंपळ उगवला की आपण हळहळतो; पण पिंपळ हा त्या वस्तीतला अगदी शेवटचा भाडेकरू असतो. जागा कधीच करून ठेवलेली असते.

आता ही मंडळी दगडाचे नुकसान कसे करतात? एकदम काही करत नाहीत. म्हणून तर लक्षात येत नाही. ती जेली पावसात फुगते, उन्हात आक्रसते. दगडाच्या बारीक छिद्रांत बसून ती असे वर्षानुवर्षे करते; पाचर ठोकावी आणि काढावी, पुन्हा ठोकावी तसे. बुरशीचे आणि दगडफुलाचे तंतू दगडाच्या कणाकणांमधून आत उतरतात. ते ऑक्झॅलिक, सायट्रिक अशी आम्ले सोडतात. आम्लाने दगडातली खनिजे विरघळतात आणि कण एकमेकांपासून सुटतात. वटवाघळांच्या आणि कबुतरांच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो, त्याचे काही जिवाणू नायट्रिक आम्ल करतात. भरीला काळा पडलेला थर ऊन अधिक पितो, म्हणून तेवढा दगड अधिक तापतो. ऊन फार कडक झाले तर काही जाती दगडाच्या आतच, उजेड पोचेल इतक्या खोलीवर, सावलीला जाऊन राहतात. माझ्या पापुद्र्याच्या पोटातली हिरवी रेघ ती हीच.

त्यातून कान्हेरीचा दगड सगळीकडे एकसारखा कठीण नाही. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींची राख आणि तुटलेल्या दगडांचे तुकडे एकत्र घट्ट होऊन तो बनला आहे. फराळाच्या चिवड्यात हात घालावा आणि काय काय लागावे, तसा. आणि आपला पाऊस तर दरसाल दोन हजार मिलिमीटरच्या वर. चार महिने भिजायचे, आठ महिने सुकायचे. लेणी खोदणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असावे. कारण कान्हेरीत जागोजाग कातळात पन्हळी खोदल्या आहेत. वरून येणारे पाणी अंगावर न घेता वळवून टाक्यांत न्यायचे, अशी सगळी योजना. पाणी पिण्यासाठी साठले आणि भिंत कोरडी राहिली. दोन्ही कामे एका पन्हळीने झाली.

हे सगळे ऐकून मला थोडा दिलासा वाटला, हे कबूल करते. "म्हणजे मी घासले नसते तरी तो पापुद्रा कधीतरी पडलाच असता?" मी लेकीला विचारले. तिने आईचे मन राखायला हवे होते. पण शास्त्र शिकणारी मुलगी ती!

"पडला असता, कदाचित शंभर वर्षांनी. किंवा नसताही पडला. ती जेलीच त्याला धरून होती, आई."

हे मला नवे होते. जी वस्ती दगड पोखरते, तीच कधी कधी पोखरलेला दगड धरूनही ठेवते. काही ठिकाणी दगडफुलाचा थर छत्रीसारखा पावसाचा मारा आपल्यावर घेतो आणि खालचा दगड कमी झिजतो, असेही अभ्यासकांना दिसले आहे. म्हणून जाणते लोक दगडावर हिरवे दिसले की लगेच तुटून पडत नाहीत. आधी पाणी कुठून येते ते शोधतात. ते थांबवले की पुष्कळदा निम्मे काम होते. मग एका कोपऱ्यात, कुठे फारसे काही कोरलेले नाही अशा जागी, थोडेसे करून पाहतात. मऊ ब्रश, साधे पाणी, लागलेच तर औषध, तेही मोजून. आणि दगड सैल झाला असेल तर आधी त्याला घट्ट करतात, सफाई नंतर. आपल्या पुरातत्त्व खात्यात यासाठी रसायनशास्त्रज्ञ नेमून स्वतंत्र शाखा १९१७ सालीच सुरू झाली. काथ्या हा त्यांच्या सामानात नसतो.

औषधाचे तरी असे, की त्याचीही मात्रा चुकते. फ्रान्समधल्या लास्को गुहेची हकिकत यासाठी ऐकण्यासारखी आहे. १९४० च्या सप्टेंबरात चार मुलांना ती सापडली. आत हजारो वर्षांपूर्वीची रानबैलांची, घोड्यांची, हरणांची चित्रे. १९४८ मध्ये गुहा लोकांना खुली झाली आणि रोज हजाराच्यावर माणसे आत जाऊ लागली. माणसांबरोबर उष्मा गेला, ओलावा गेला. त्यांच्यासाठी लावलेले दिवे गेले. दिव्यांच्या उजेडाने भिंतींवर हिरवे शैवाल धरले. १९६३ साली गुहा बंद करावी लागली. पुढे २००१ मध्ये आत पांढरी बुरशी पसरली. घाबरून चुना टाकला, जंतुनाशके फवारली. पांढरी बुरशी हटली तर काही वर्षांनी काळे डाग उमटले. आणि जंतुनाशकाच्या माऱ्यातून जे जिवाणू वाचले, ते त्याला दाद न देणारे होते. चित्रे पाहायला गेलेल्यांनी काही वाईट केले नव्हते. ते फक्त पाहायला गेले होते, आणि वाचवायला गेलेले वाचवायला गेले होते.

याच्या उलट गोष्टही आहे, तीही सांगते. नाहीतर दिवाळीच्या तोंडावर मी अभद्र बोलते असे सासूबाई म्हणतील. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात मेदिची घराण्याच्या समाध्या आहेत. त्यांवरची शिल्पे मायकेलअँजेलोची. एका संगमरवरी समाधीवर शतकानुशतकांचे डाग होते, कशानेच जाईनात. शेवटी शास्त्रज्ञांनी नेमका तेवढाच मळ खाणारे आणि संगमरवराला न शिवणारे जिवाणू शोधले, ते त्या डागांवर लावले आणि डाग गेले. २०२१ साली ही बातमी जगभर झाली. म्हणजे जिवाणू हा दगडाचा वैरीच असे नाही. कोण काय खातो, हे आधी नीट पाहिले तर तोच केरसुणीही होतो.

एवढे सगळे कळल्यावर मला कान्हेरीला जाणे भाग होते. गेल्या जानेवारीत मी माझ्या वर्गाला घेऊन गेले. सर आता नाहीत. त्यांचे पणजोबांना नमस्कार करण्याचे वाक्य मी उसने घेतले, मुले हसली. हल्ली ब्राह्मी शिकण्याची मुलांना हौस आहे, वर्ग चालतात, तक्ते मिळतात. माझ्या वर्गात एक मुलगा आहे, फार हुशार. त्याने डॉ. शोभना गोखले यांच्या कान्हेरीच्या लेखांवरच्या ग्रंथातली काही पाने झेरॉक्स करून आणली होती. हा ग्रंथ पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९९१ साली प्रसिद्ध केला. माझ्या काथ्याच्या अकरा वर्षे आधी.

मी मुलांना खालच्या लेण्यांत गुंतवून ठेवणार होते. पण तो नेमका त्या टाक्यापाशी पोचला. भिंतीवर शेवाळ होते. पण थंडीत ते सुकून काळे झाले होते. त्याने पाण्याची बाटली उघडली.

"थांब," मी म्हटले. माझा आवाज जरा मोठाच झाला असावा.

"नुसतं धुऊन फोटो काढतो, मॅडम. अक्षरं लागत नाहीयेत."

मी त्याला बाटली बंद करायला लावली आणि मोबाइलची बॅटरी भिंतीच्या अगदी कडेला, जवळजवळ दगडाला टेकवून धरायला सांगितली. उजेड समोरून नको, आडवा हवा. तसा धरला आणि प्रत्येक खाचेत सावली भरली. अक्षरे उभी राहिली. शेवाळ होते तिथेच होते, आणि अक्षरेही होती. त्यांना कोणी हातसुद्धा लावला नव्हता. २००२ साली आमच्याकडेही बॅटऱ्या होत्या. माझ्या पिशवीत होती.

मुलगा वाचू लागला. "पा... नि... य..." मग तो अडखळला. हातातल्या कागदाकडे पाहिले, भिंतीकडे पाहिले.

"मॅडम, इथे 'पाढि' आहे. पुस्तकात 'पोढि' छापलंय. पुस्तकाची चूक दिसते."

चांगला अभ्यासक असाच तयार होतो. छापलेल्यावर विसंबू नये, मूळ पाहावे, हे मीच त्यांना वर्गात शिकवते. आणखी दहा वर्षांनी हा मुलगा कुठेतरी टीप लिहील, कल्याणकडच्या बोलीत पोढीला पाढी म्हणत असावेत. मग त्यावर कोणी दुसरा निबंध लिहील. एका काथ्याने नवी बोली जन्माला घातली असती.

"पुस्तकाची नाही," मी म्हटले. "माझी."

आणि मग तिथेच, टाक्याच्या काठावर बसून, मी त्यांना सगळे सांगितले. कोणी हसले नाही. खाली दरीत माकडांचा आरडाओरडा चालला होता तेवढाच आवाज. मी कोनाड्यात पाहिले होते. पापुद्रा तिथे नव्हता. इतक्या पावसाळ्यांनंतर तो तिथे असेल अशी आशा तरी मी कशी धरली होती! एका मुलीने विचारले, "आता ती मात्रा परत नाही का घालता येणार?" मी म्हटले, नाही. दगडावर घालता येणार नाही. एकोणिसाव्या शतकात वेस्ट, पंडित भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर अशा माणसांनी इथल्या लेखांच्या नकला करून ठेवल्या, वाचने छापली, त्यानंतर डॉ. गोखल्यांनी, म्हणून ती कागदावर आहे. ज्या लेखांची नकल कोणी केली नसेल, त्यांचे काय ते आपण पाहायचे. जिभेवर शब्द झिजतो तेव्हा पानीयाचे पाणी होते, आणि त्या झिजेतूनच आपली भाषा होते. दगडावरचे अक्षर झिजले तर दुसरे काहीच होत नाही. ते नुसते जाते.

त्या मुलाने आपल्या कागदावर, छापलेल्या 'पो'च्या शेजारी, पेन्सिलीने काहीतरी लिहिले. मी ते पाहायला मागितले नाही. माझे नाव लिहिले असेल तर तेही योग्यच आहे.

घरी आले ती सरळ गॅलरीत गेले. सासूबाई तिथे उन्हात बसल्या होत्या. मी पाट्याच्या कडेवर हात ठेवला.

"आई, हा पाटा तुमच्या लग्नात केवढा जाड होता हो?"

"चांगला चार बोटं. पुढे दर वर्षी दारावर टाकीवाली यायची. टाकी लावली की पाट्याला धार यायची, आणि प्रत्येक टाकीला पाटा तेवढा कमी व्हायचा. आता तीन बोटंसुद्धा नसेल." मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाल्या, "का गं? आज काय झालं?"

मी त्यांनाही ती गोष्ट सांगितली. त्या काही बोलल्या नाहीत. नुसता माझा तळहात उलटून पाहिला, सरांनी पाहिला होता तसा.

मग ह्यांच्या मदतीने मी पाटा उचलला आणि गॅलरीच्या आतल्या अंगाला, जिथे पागोळी पोचत नाही अशा जागी, दोन विटांवर ठेवला. एवढेच केले. यंदाचा पाऊस जोराचा झाला, इमारतीच्या भिंती नेहमीसारख्या हिरव्या-काळ्या झाल्या. पाटा मात्र आहे तसा राहिला, कोरडा आणि राखाडी. परवा सासूबाईंनी त्याच्यावरून बोट फिरवून पाहिले.

"एवढं सोपं होतं," त्या म्हणाल्या, "तर पन्नास वर्षं मला घासायला कशाला लावलंत?"

तेव्हा यंदाच्या दिवाळीत आमच्याकडे काथ्याला सुटी आहे. पाट्यावर पणती ठेवायची, असे सासूबाईंनी जाहीर केले आहे; तीही भिंतीपासून जरा दूर, काजळी धरू नये म्हणून.